राजांच्या आधीची माणसं

कोल्हापुरात जुन्या वस्तूपुढं माणूस उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला : "हे कुठल्या राजाच्या काळातलं?" यात कुणाचा दोष नाही. इथं शिलाहारांनी राज्य केलं, छत्रपतींची गादी इथं आहे आणि शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय गावात कुठलंही भाषण सुरू होत नाही. पण राजे यायच्या हजारो वर्षं आधीपासून या मुलखात माणसं होती. ती शिकार करत होती, पुढं पेरत होती, मेलेल्या लेकरांना पुरत होती. त्यांचं नाव कुठं लिहिलेलं नाही, कारण लिहिणंच नव्हतं. कॉलेजात पुरातत्त्वाचा पेपर शिकवताना मुलांना त्या माणसांपर्यंत कसं न्यायचं, याबद्दल जे हाती लागलं ते नोंदवतो. आकडे मोजायच्या सोयीसाठी आहेत.

१. पोसायडनपासून सुरुवात करू नये.

टाउन हॉलच्या संग्रहालयात काशाचा एक ग्रीक समुद्रदेव आहे. उंचीला वीतभरसुद्धा नाही, पण सगळी गर्दी त्याच्यापुढं. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात तो सापडला, सोबत रोमन धाटणीची काशाची भांडी आणि आरसाही. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचा माल पंचगंगेच्या काठी पोचत होता, ही गोष्ट थक्क करणारी खरीच. अडचण अशी की पोरं त्याचा फोटो काढतात आणि भेळ खायला मोकळी होतात.

मी त्यांना आधी खापरांच्या आणि मण्यांच्या कपाटापाशी नेतो. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचं रीतसर उत्खनन केलं. वर मध्ययुगातली वस्ती, तिथल्या रंगीत काचेच्या बांगड्या. खाली सातवाहन काळातली विटांची घरं. त्या काळातली शिशाची नाणी इथं मिळतात, त्यांवर ताणलेलं धनुष्यबाण आणि विळिवायकुर, सिवलकुर अशी नावं. कोल्हापुराला नावं फुटतात ती इथं. या थराच्या खाली किंवा मागं जायचं असेल तर नाणं मदतीला येत नाही, लेख येत नाही. मग उरतं ते फेकलेलं, तुटलेलं, जळलेलं आणि पुरलेलं. पोरांना हा उंबरठा एकदा दाखवला की पुढचं सोपं जातं. पोसायडन शेवटी बघावा. तो कुठं पळून जात नाही.

२. खापर वाजवून बघावं.

ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे तांब्याच्या जोडीला दगडाची हत्यारं होती त्या काळातलं, जोर्वे खापर एकदा हाताळलं की विसरत नाही. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्यावरून हे नाव. चाकावर घडवलेलं, तांबडं, अंगावर काळ्या रंगाच्या रेघांची जाळी, आणि नखानं टिचकी मारली की खण्ण वाजणारं. आवाज आला म्हणजे भट्टीत आच चढली होती. आच चढवता येणारा कुंभार म्हणजे तेच काम करून पोट भरणारा माणूस, आणि त्याला धान्य देणारी बाकीची वस्ती. तळहाताएवढ्या तुकड्यावरून आपण धंद्यांच्या वाटणीपर्यंत पोचलो. या घरंगळण्यात मला अजून मजा येते. तुकडा फुटका आहे म्हणून नाक मुरडणाऱ्याला मी तो पहिल्यांदा वाजवायला देतो.

३. गावातल्या म्हाताऱ्यांना "पांढरी कुठं हाय?" असं विचारावं.

"इथं प्राचीन अवशेष आहेत का?" म्हटलं तर महादेवाचं देऊळ दाखवतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची, हे खेड्यात अजून सगळ्यांना कळतं. ओसाड पडलेल्या गावठाणाची राखाडी, भुसभुशीत माती दुरूनही ओळखू येते. दक्खनमधली कितीतरी टेकाडं अशीच ध्यानात आली. आणि अशीच नाहीशीही झाली, कारण पांढरीची माती शेताला खत म्हणून चांगली. गाड्या भरभरून ती नेली गेली. तीन हजार वर्षांची राख, शेण आणि हाडं; पीक जोमदार येणारच. शेतकऱ्याला त्यावरून उपदेश करणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला आधी कुणी काही सांगितलेलं नसतं.

४. वस्तूपेक्षा तिची जागा मोलाची.

हे पटवायला दायमाबादइतकं चांगलं उदाहरण नाही. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये एका गावकऱ्याला मातीखाली काशाच्या चार वस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांच्या रथात उभा असलेला माणूस. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. भारतात असं दुसरं घबाड नाही. पण रीतसर खणताना थरात सापडलेलं ते नव्हतं, म्हणून ते उत्तर हडप्पा काळातलं की नंतरचं यावर विद्वानांची जुंपली. उलट तिथल्याच थरात नीट सापडलेल्या साध्या खापरांवरून एकाखाली एक वस्त्यांचा क्रम लागला. शेतात काही मिळालं तर ते उचलून घरी आणू नये. आहे तिथं फोटो काढावा, जिल्हाधिकाऱ्याला कळवावं. असं कळवायला १८७८ चा निखात निधीचा कायदाही सांगतो.

५. एका तरी वस्तीत जीव रमवावा.

सगळं थोडं थोडं शिकवण्यापेक्षा मी इनामगाववर तळ ठोकतो. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं खणलं, सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांचं हे काम. इ. स. पू. १६०० च्या सुमाराला बसलेलं गाव इ. स. पू. ७०० च्या आसपास उठलं. नऊशे वर्षांचं गाव, आणि एकाही माणसाचं नाव माहीत नाही.

तरी माहिती बघा किती. चौकोनी, मातीच्या भिंतींची घरं. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू आणि कडधान्यं. गाईबैल, शेळ्यामेंढ्या, वर शिकारीचं हरण. नदीचं पाणी वळवणारा पाट आणि त्याला बांध. पाट एकट्यादुकट्याला खणता येत नाही, कुणाला आधी पाणी हे कुणीतरी ठरवावं लागतं. पाच खोल्यांचं एक मोठं घर मिळालं, शेजारी धान्याचं कोठार. इथं पोरं उसळून म्हणतात, "सर, राजा घावला!" राजा नव्हे, फार तर गावचा म्होरक्या. आमच्याकडं पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं बघणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ पुरण्याच्या चालीवर जातो. लहान मूल गेलं की दोन राखाडी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, मूल त्यांत, आणि खड्डा घराच्या जमिनीतच. वर पुन्हा सारवण, पुन्हा चूल, पुन्हा रोजचं जगणं. मोठ्या माणसाला उत्तरेकडं डोकं करून उताणं पुरायचं आणि पाय घोट्याखाली तोडून टाकायचे. मेलेल्यानं परत फिरू नये किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून, असा तर्क आहे. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष मिळाला, आणि त्याची पावलं शाबूत होती. गावाचा नियम ज्याला लागू नाही तो माणूस कोण, हे ओळखायला शिलालेख लागत नाही.

आणखी एक वस्तू. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची अंडाकृती डबी. आत बाईची लहान मूर्ती. झाकणावर दुसरी बाई, तिला डोकंच नाही, आणि शेजारी एक बैल. बैलाच्या पाठीला भोक, बिनडोक्याच्या बाईच्या पोटाला भोक; काडी घातली की ती बैलावर बसते. देवी म्हणावी का? म्हणतात. मी वर्गात चित्र दाखवून गप्प बसतो. कुणीतरी मागच्या बाकावरून सटवाईचं नाव काढतं, कुणी बाळंतपणाचं बोलतं. कुणाचंच लगेच खोडत नाही, फक्त विचारतो : मातीतलं काय बघून म्हणालास?

पुढं इ. स. पू. १००० नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला, शेती बसली आणि माणसं मेंढरांमागं लागली. सगळ्यांना हे मान्य नाही. पण दुष्काळानं गाव कसं मोडतं हे जमिनीच्या थरातून वाचता येतं, एवढं पोरांना दिसतं.

६. दगडाच्या काळाला घाईनं भिडू नये.

इनामगाव तीन हजार वर्षांमागचं. नेवाशाजवळच्या चिरकीला मिळालेल्या हातकुऱ्हाडी लाखो वर्षांच्या मागं जातात, आणि त्या करणारा माणूस आपल्या प्रजातीचाही नव्हता. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गाचे डोळे काचेसारखे होतात. म्हणून मी उलटा चालतो : आधी धातूचं गाव, मग गारेची पाती, मग हातकुऱ्हाड. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याचं शहामृगाच्या अंड्याचं नक्षीदार कवच मधे येतं. पंचवीसेक हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात शहामृग होता, यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. हातकुऱ्हाडीपेक्षा पोरं यालाच जास्त दचकतात.

७. आंबा घाट उतरावा.

कोल्हापूरकराला रत्नागिरी म्हणजे मासे आणि गणपतीपुळे. तिथल्या सड्यांवर, उघड्या जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत : उक्षीचा हत्ती, काशेळीचा त्याहून प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी प्राणी, बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पालथे घालून ती उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ती गेली. ऊन चढायच्या आधी, सकाळी सातला जावं. तिरप्या उन्हात रेघ उठून दिसते, बाराला काहीच दिसत नाही. आणि चित्रावर पाय देऊन सेल्फी काढणाऱ्याला ओरडायची लाज बाळगू नये.

८. जिवंत माणसांकडं बघावं, पण बेतानं.

कोल्हापुरातल्या बापट कॅम्पात कुंभाराचं काम बघितलं की मडक्याच्या आतल्या रेघा कशाच्या ते कळतं. शेतात मेंढरं बसवणारे धनगर बघितले की फिरता संसार मागं किती थोडी खूण ठेवतो हेही कळतं : चूल, चार खुंटीची भोकं, लेंड्या. एवढ्यापर्यंतच. त्यापुढं जाऊन "हे लोक म्हणजे अश्मयुगच" असं कुणी म्हटलं की मी तिथंच थांबवतो. एका धनगर मामानं आमच्या पोराला मोबाइलवर बाजारभाव दाखवला होता, ते बरं झालं.

९. पायाचा खड्डा दिसला की थांबावं.

गावठाणात जेसीबी लागला की आठवड्याभरापुरती खड्ड्याची भिंत उघडी असते. वर डांबर-मुरूम, खाली विटांचा चुरा, मग राखेचा पट्टा, खापरं. मालकाची परवानगी काढून, काठावर न जाता फोटो घ्यावा. फोटोत मोजपट्टी हवीच. नसेल तर एसटीचं तिकीट चालतं. मालक बहुतेक वेळा धास्तावलेला असतो, सरकार प्लॉट घेईल म्हणून. एका काकूंनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "आमचं काम थांबवणार न्हाई न्हवं?" नाही म्हणालो. मग त्यांनीच स्वयंपाकघरातून एक काळी तोटी आणून दाखवली, त्याच खड्ड्यात सापडलेली. किती खोलीवर होती म्हणून विचारलं, तर त्यांनी कमरेला हात लावून दाखवला. तेवढं वहीत लिहून घेतलं.