बुरशीचे विष : मक्यापासून दुधापर्यंत

१९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी भागांत काविळीची साथ उद्भवली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. घरचेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून ‘अफ्लाटॉक्सिन’ हे विष तयार झाले होते.

हे विष यकृतावर आघात करते व शिजवूनही पूर्णपणे नष्ट होत नाही. यास्तव मका, भुईमूग काढणीनंतर त्वरित उन्हात खडखडीत वाळवावा, बुरसट व सुरकुतलेले दाणे निवडून टाकावेत आणि पोती ओल न लागणाऱ्या जागी ठेवावीत. टाकाऊ दाणे वा बुरसट पेंड दुभत्या जनावरांस कदापि घालू नये. विषाचा अंश दुधावाटे घरात परत येतो.