सेवा आणि साक्ष
(विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.)

गेल्या वर्षी वर्गातल्या एका चर्चेत कुणीतरी म्हणाले, "मिशनऱ्यांची सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष!" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. पण ते वाक्य मनातून जाईना. कारण आमच्या घरात एक वेगळीच आठवण सांगितली जाते.

माझ्या पणजीला मोतीबिंदूमुळे दिसेनासे झाले, तेव्हा आजी तिला एस. टी.ने मिरजेच्या मिशन दवाखान्यात घेऊन गेली. पणजी माळकरी. सकाळी वॉर्डात कुणी येऊन प्रार्थना म्हणे, येशूची एखादी गोष्ट सांगे. पणजी हात जोडून ऐके आणि मग आपला हरिपाठ म्हणे. गळ्यातली माळ काढ, असे तिला कुणीही म्हटले नाही. डोळ्यांची पट्टी सुटल्यावर पुढची आषाढी तिने पायी केली. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा खरे काय ते आपणच वाचून पाहावे, असे ठरवले.

ख्रिस्ती धर्मात 'साक्ष' या शब्दाला मोठे महत्त्व आहे. कोर्टातला साक्षीदार जसा स्वतः पाहिलेले सांगतो, तसे देवाचे जे प्रेम आपण अनुभवले ते इतरांना सांगणे, म्हणजे साक्ष. पण ती नुसती तोंडाने द्यायची नसते. लूककृत शुभवर्तमानात चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी पाहून न पाहिल्यासारखे करतात. यहुदी ज्यांना परके मानत, त्या शोमरोन्यांपैकी एक जण मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चही स्वतः देतो. 'तुझा धर्म कोणता?' असे तो विचारत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातही, आपल्या आशेचे कारण कुणी विचारले तर सौम्यपणे व आदराने उत्तर द्यावे, असे सांगितले आहे. म्हणजे आधी जगून दाखवायचे आणि कुणी विचारील तेव्हा सांगायचे, असा हा क्रम मला दिसतो.

मिरजेचा दवाखाना याच विचारातून उभा राहिला. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली भारतात आले. आधी सांगलीत त्यांनी काम केले आणि १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू झाले. आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांनी कधी लपवले नाही. पण ज्याने त्यांची प्रार्थना ऐकली आणि जसा आला तसाच घरी परत गेला, अशा रुग्णावरही त्यांनी तितक्याच काळजीने शस्त्रक्रिया केली. सांगली-मिरजेच्या दरम्यानच्या वानलेसवाडीच्या रूपाने त्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे.

तथापि प्रश्न नेहमीच इतका सोपा नव्हता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. तिथे धर्माची शिकवण दिली जाणार नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा, असे ठरले होते. पुढे सदन पुण्यास आले. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या, 'केसरी'ने टीका केली आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दुष्काळात रमाबाईंनी शेकडो अनाथ मुलींना केडगावला आणून वाचवले. तेथील मुक्ती सदन मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. उपाशी मुलीला अन्न देणारा हात जेव्हा धर्मही सांगतो, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी असते? रमाबाईंविषयी मनात अतिशय आदर बाळगूनही हा प्रश्न विचारावाच लागतो. पण त्या वेळी त्या मुलींकडे धावून जाणारे हात किती होते, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

याच्या उलट उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरातले आहे. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे चालूच होते आणि टिळकांनी ते चालू दिले. स्वतःच्या मनाशी झगडून, जातिभेदाचा स्वतः विचार करून, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला पटते की ती निवड त्यांची स्वतःची होती.

आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. कायद्याची रेषा ती आहे. पण माणसाच्या मनासाठी मला एक साधी कसोटी सुचते : 'नाही' म्हणणाऱ्यालाही तीच सेवा मिळते का? मिळत असेल तर ती करुणेची साक्ष; मिळत नसेल तर ते आमिष. ही कसोटी केवळ ख्रिस्ती लोकांना लावायची नाही. मते मागणाऱ्या पुढाऱ्याला, अन्नदान करणाऱ्या मंडळाला आणि अडल्यानडल्याला मदत करून उपकार बोलून दाखवणाऱ्या आपल्यालाही ती लावली पाहिजे.

पणजी शेवटपर्यंत वारकरीच राहिली. पण पंढरपुराहून आली की ती म्हणायची, "मिरजंच्या डाक्टरनं मला इठ्ठल दावला." त्या दिवशी वर्गात मी गप्प बसले होते. माझे उत्तर आज लिहून देत आहे.