रंगवलेल्या जॅकेटला तेल लावू नका

आमच्या विहीणबाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आठव्या हवाई दलात बॉम्बार्डियर होते. इंग्लंडमधल्या तळावरून बी-१७ विमानातून त्यांनी ३५ मोहिमा पुऱ्या केल्या. ते गेल्यावर त्यांचं जॅकेट विहीणबाईंकडे आलं. घरच्या एका समारंभात ते सगळ्यांना पाहता यावं म्हणून त्यांच्या भावाने ते चामड्याच्या वस्तू नीट करून देणाऱ्या दुकानात दिलं. दुकानदाराने मन लावून काम केलं. धूळ पुसली, तेल-मेण चोळून चकाकी आणली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत दिलं. समारंभाच्या दिवशी पिशवी काढायला गेलो, तर पाठीवर रंगवलेले काही पिवळे बॉम्ब पिशवीला चिकटून आले. रंगाखालचं तपकिरी कातडं उघडं पडलं. विहीणबाई पिशवीचा तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसून होत्या.

अशी जॅकेटं आज नातवंडांच्या, पतवंडांच्या कपाटांत आहेत आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी ‘जरा तेल लावू या’ म्हणतंच. म्हणून हे लिहिते आहे.

हे जॅकेट ए-२ जातीचं. अमेरिकी सैन्याने ते १९३१ मध्ये स्वीकारलं. बहुतेक घोड्याच्या कातड्याचं, काही बकरीच्या; पुढे पितळी चेन, दोन खिसे, मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी. १९४३ मध्ये सरकारने त्याऐवजी कापडी जॅकेट आणलं, पण वैमानिकांनी आपलं चामडी जॅकेट सोडलं नाही. पाठीवर विमानाचं नाव, एखादं चित्र आणि दर मोहिमेमागे एक छोटा बॉम्ब. रंगवणारे बहुतेक तळावरचेच कोणीतरी असत. इंग्लंडमधल्या बॅसिंगबर्नच्या तळावर टोनी स्टार्सर हा सैनिक विमानांच्या नाकाडावर चित्रं काढायचा. ‘मेम्फिस बेल’ या बी-१७ विमानावरचं चित्र त्याचंच. अशा हातांनी, मिळेल त्या रंगाने, पुढच्या मोहिमेआधी घाईत काढलेली ही चित्रं. ती ऐंशी वर्षं टिकावीत असा विचार तेव्हा कोण करणार? पुढचा आठवडा दिसेल की नाही, याचीच खात्री नव्हती.

त्या रंगात इतिहास आहे, हे मी शब्दशः म्हणते. आठव्या हवाई दलात सुरुवातीला २५ मोहिमा झाल्या की घरी परतता येई. १९४४ मध्ये तो आकडा आधी ३० आणि मग ३५ झाला. म्हणजे पाठीवरचे बॉम्ब मोजले तरी माणूस कोणत्या काळात उडत होता याचा अंदाज बांधता येतो. त्यात १९७३ मध्ये सेंट लुईसच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. हवाई दल तेव्हा लष्कराचाच भाग असल्याने हे वैमानिकही त्यात आले. कितीतरी घरांत आता कागद नाही, जॅकेट तेवढं आहे.

तेल का नको? कारण चामडं तेल पितं, रंग पीत नाही. तेलाने कातडं मऊ पडतं, फुगतं, आणि वरचा ठिसूळ थर त्याच्याबरोबर हलत नाही, पोपडे सुटतात. काही रंग तेलाने चिकट होतात, मग प्लॅस्टिक त्यांना धरतं. महिन्यांनी तेच तेल पांढऱ्या बुरशीसारखं वर येतं, धूळ ओढतं, कातडं काळवंडतं. विहीणबाईंच्या जॅकेटची चेन नीट पाहिली तर दात्यांच्या फटींत हिरवट, मेणासारखा थर दिसला. पितळेतलं तांबं आणि चोळलेली चरबी यांच्या संयोगाने तो तयार होतो. संग्रहालयांतल्या जाणकारांनी चामड्याला तेल-मलम लावणं केव्हाच सोडून दिलं आहे. बाजारातल्या बाटल्यांवर मात्र अजून ‘चामड्याला जीवदान’ लिहिलेलं असतं. जे तेल आत मुरलं ते रंगाला धक्का न लावता बाहेर काढता येत नाही.

तर जॅकेट हाती आलं की आधी काहीच करू नका. अंगात तर मुळीच घालू नका. खांद्याला एक घडी पडली की रंगाची एक रेघ गेली. स्वच्छ कोरड्या हातांनी सपाट ठेवा आणि बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो काढा, म्हणजे सुटलेले पोपडे दिसतील. अस्तर आणि गळ्याची पट्टी तपासा. आडनावाचं आद्याक्षर आणि सेवा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शाईने लिहिलेले सापडले, तर माणूस शोधण्याचं निम्मं काम झालं. खिसे रिकामे करण्याआधी कशात काय होतं ते टिपून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या, आजच.

ठेवायचं ते आम्लविरहित पातळ कागद बाह्यांत आणि घड्यांत भरून, मोठ्या खोक्यात, चित्र वरच्या बाजूला ठेवून. तारेचा हँगर नको, प्लॅस्टिकची पिशवी नको, तळघर नको, माळा नको. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास बरी. ६५ च्या वर गेली की बुरशी आलीच, हे मुंबई-कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लोकरीच्या पट्टीला कसर लागते, तेव्हा अधूनमधून तिकडे लक्ष असू द्या.

विकत घेणाऱ्यांनाही एक सांगते. जुनी कोरी जॅकेटं घेऊन त्यांवर नव्याने चित्रं काढून विकणारे आहेत. भिंग घेऊन भेगा पाहा. रंग तेव्हाचा असेल तर कातडं मुडपलं तिथे रंगही तडकलेला असतो, भेग दोघांतून आरपार जाते. रंग भेगेच्या आत उतरून बसला असेल, तर भेग आधीची आणि रंग नंतरचा.

सुटलेले पोपडे घरी डिंकाने चिकटवू नका. अमेरिकेत असाल तर तिथल्या संवर्धकांच्या संस्थेच्या, अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्व्हेशनच्या, यादीत आपल्या राज्यातला संवर्धक सापडतो. त्याला आधी फोटो पाठवा आणि विचारा: रंगवलेल्या चामड्यावर काम केलं आहे का, काम करण्यापूर्वी लेखी अहवाल देता का, आणि तुम्ही जे लावाल ते पुढे कोणाला काढता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर जॅकेट त्याच्याकडे पाठवू नका.