शनिवार-रविवारची कॅलिब्रेशन पाळी

प्रश्न : आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेड करून अहिवाऱ्याजवळच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागलो. कॅलिब्रेशनचं काम नेमकं शनिवार-रविवारीच का देतात? पाळीवर मी एकटाच असतो.
– एक वाचक, अहिवारा (जि. दुर्ग)

उत्तर : भिलाई असो की चंद्रपूर, भट्टी किंवा गिरणी चालू असताना तिचा ट्रान्समीटर सहसा काढता येत नाही. देखभालीसाठी यंत्र थांबतं, तुमच्याकडे बहुधा शनिवार-रविवारी, तेव्हाच तो हाती लागतो.

एकटे असाल तर आधी वर्क परमिट घ्या. लूप मॅन्युअलवर टाकायला कंट्रोल रूमला सांगा. इंटरलॉक बायपास केला तर नोंदवहीत लिहा आणि पाळी संपण्याआधी काढा. सोमवारी सकाळी विसरलेला बायपास फार महागात पडतो. मग ०, २५, ५०, ७५, १०० टक्के असे पाच बिंदू चढते आणि उतरते तपासा : ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर. पीटी-१०० असेल तर ०° सेल्सिअसला १०० ओहम, १००° ला सुमारे १३८.५. स्क्रूला हात लावण्यापूर्वीचे आकडे आधी लिहा. घाईत हेच राहतं, आणि ऑडिटर नेमकं तेच मागतो. मास्टर कॅलिब्रेटरच्या प्रमाणपत्राची मुदत पाहा. मे महिन्यात तो उन्हातून आणून लगेच जोडू नका.

रविवारच्या कामाबदल्यात दुसऱ्या एखाद्या दिवशी सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर हा तुमचा हक्क आहे, ठेकेदाराकडे असलात तरी. हजेरीपत्रकाचा फोटो जवळ ठेवा.