कलमाचा मिटता चाकू : वापर, झीज व धार

खेड तालुक्यांतील कुरुळी हें गांव पुणें-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे वसलेलें आहे. कारखान्यांच्या वाढीनें येथील शिवार आकसलें; तथापि ज्यांची जमीन अद्याप हातीं आहे, अशा आमच्या कांहीं सभासदांनीं थोड्या क्षेत्रांत फळझाडें लावून कलमें घरींच बांधण्यास आरंभ केला आहे. त्यांपैकीं एका बंधूंनीं गेल्या हंगामाच्या तोंडीं चांगल्या परदेशी बनावटीचा मिटता चाकू मोठी किंमत देऊन आणिला. पहिलीं कलमें उत्तम साधलीं. पुढें धार उतरली, तेव्हां घरच्या तरुणानें तो चाकू एका कारखान्यांतील विजेच्या सहाणचाकावर धरून क्षणांत चकचकीत करून आणिला. त्यानंतर बांधलेल्या आंब्याच्या कलमांपैकीं निम्मींही जगलीं नाहींत. दोष काडीचा, पावसाचा कीं हाताचा, याचा खल बराच झाला. आम्हीं पातें उघडून पाहिलें, तों धारेलगत निळी झांक स्पष्ट दिसली. प्रस्तुत पाठ त्या अनुभवावरून लिहिला आहे.

कलमांत धारेचें महत्त्व काय, तें प्रथम पाहूं. सालीच्या आंत व लाकडाच्या बाहेर पेशींचा एक अत्यंत पातळ, वाढता थर असतो. खुंटाचा व काडीचा असे हे दोन थर एकमेकांस भिडले तरच कलम जुळतें. तीक्ष्ण पात्यानें एका ओढींत घेतलेला काप आरशासारखा सपाट येतो. बोथट पातें पेशी चेंगरतें, काप खालवर होतो, मध्यें फट राहते व काडी जुळण्यापूर्वींच सुकते. पुण्याच्या गणेशखिंड बागेंत डॉ. चीमा यांनीं १९२७ सालीं निवडलेला ‘लखनौ-४९’ अथवा सरदार पेरू आज दूरवर पसरला आहे, तो कलमांनीं व गुट्यांनीं. बियांपासून झालेलें झाड मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे घेईल असा भरंवसा नसतो. चाकूनें वेगळी केलेली काडी मात्र ते घेऊन येते.

आतां चाकूची ओळख. साध्या खिशांतल्या चाकूचें पातें दोन्ही अंगांनीं उतरतें केलेलें असतें. अस्सल कलमाच्या चाकूस बहुधा एकाच अंगास उतार असतो व दुसरें अंग सपाट असतें. त्या सपाट अंगामुळेंच काप सरळ येतो. डावखुऱ्या माणसानें उलट अंगास उतार असलेला चाकू घ्यावा. पोलादही दोन प्रकारचें. साध्या पोलादास धार लवकर लागते, पण कांद्याच्या रसानें वा आंब्याच्या चिकानें तें काळें पडतें व ओलें राहिल्यास गंजतें. न गंजणाऱ्या पोलादांत क्रोमियम असतें, त्यामुळें निगा कमी लागते. परंतु जें गंजत नाहीं तें झिजतही नाहीं, असें कोणीं समजूं नये.

रोजच्या वापरांत पहिला नियम हा कीं, कलमाच्या चाकूनें दुसरें काम करूं नये. मातीनें भरलेली गोणी, सुतळी, ठिबकाची नळी यांसाठीं स्वस्त चाकू निराळा ठेवावा. मातींतील वाळूचे कण धार जितकी खातात, तितकी हिरवी काडी कधींच खात नाहीं. पात्यानें कांहीं उचकटूं नये. टोंक मोडतें व खीळ सैल होते. खीळ सैल झाली कीं पातें डुलतें आणि मिटतांना धार आंतल्या कमानीवर आपटून तिला खांच पडते. ज्या चाकूस अडकण नाहीं, त्याच्या पाठीवर कधींही जोर देऊं नये. तो बोटांवर मिटतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जातांना पातें स्पिरिटानें पुसावें, म्हणजे रोग चाकूबरोबर हिंडणार नाहीं. सायंकाळीं खांचेंतील चीक व धूळ काढून पातें कोरडें करावें व खिळीस तेलाचा एक थेंब द्यावा.

धार लावण्याची रीत अशी : दोन अंगांची, एक भरड व एक बारीक, अशी कार्बोरंडमची सहाण पाण्यानें भिजवून स्थिर ठेवावी. उताराच्या अंगास काळी शाई फांसावी. मूळचा उतार सहाणेवर पुरता टेकेल असें पातें धरून, धार पुढें ठेवून, मुळापासून टोंकापर्यंत हलक्या हातानें फिरवावें. शाई सर्वत्र सारखी गेली तर कोन बरोबर आहे. पलीकडच्या अंगास बारीक उलटलेली कड बोटास लागूं लागली म्हणजे थांबावें. मग सपाट अंग सहाणेवर पूर्ण निजवून दोन-तीन वेळां फिरवावें. पाठ मुळींच उचलूं नये, नाहींतर सपाटपणा कायमचा जातो. शेवटीं चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढें व धार मागें ठेवून, दहा-पंधरा ओढी द्याव्या. दोन्ही अंगांनीं उतार असलेल्या चाकूची पाठ पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतकी उचलली म्हणजे सुमारें १५ अंशांचा कोन मिळतो. परीक्षा अंगठ्यावर न घेतां हिरव्या काडीवर घ्यावी. काप चकाकला व साल फाटली नाहीं, तर काम झालें.

राहिली ती निळी झांक. पोलाद सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें म्हणजे ती दिसते. धारेचें पाणी उतरल्याची ती खूण होय. असें पातें पुन्हां घासलें तरी, निळा भाग झिजून जाईपर्यंत धार टिकत नाहीं. कारखान्यांत घासकामावर पाण्याची धार सोडतात, त्याचें एक मोठें कारण हेंच. आमच्या सभासदबंधूंस तो भाग हातानें, पाण्याच्या सहाणेवर, घासून काढावा लागला व पातें अरुंद झालें. वर्ष गेलें तें निराळेंच.

तात्पर्य, चांगला चाकू कापण्यानें थोडा व चुकीच्या घासण्यानें फार झिजतो. कलमें बांधण्याच्या दिवसांत रोज सकाळीं पट्ट्यावर चार ओढी व गरज पडेल तेव्हां सहाणेवर थोडें पाणी, एवढें शेतकरी बंधूंनीं केलें, तर चाकवाल्याकडे जाण्याचें कारण पडणार नाहीं.