टॅब तोडायला विसरू नकोस

गिरगाव,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. रोहन,

परवा फोनवर तू इतका तापला होतास की मी काही बोललो नाही. भारतमाताच्या सिग्नलला टेम्पोने तुझा आरसा उडवला, वर तोच उतरून भांडला, आणि तू ऐटीत "थांब, कॅमेऱ्यात आहे सगळं" म्हणून कार्ड काढलंस, तर त्यात शेवटचं चित्र गोकुळाष्टमीचं! १६ ऑगस्टनंतर एक मिनिटही नाही. डॅशकॅमचा लाल दिवा मात्र रोज लुकलुकत होता. "मामा, कार्ड खराब निघालं," असं तू म्हणालास. तिथेच तुझी चूक होते आहे. कार्ड खराब निघालं नाही. ते म्हातारं होऊन गेलं, आणि आठ महिन्यांत म्हातारं झालं ते तुझ्या हातून.

तुझ्या भाषेत कळणार नाही म्हणून माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. लग्नाचं शूटिंग करायला मी मिनी डीव्हीच्या कॅसेटी वापरायचो, त्या तू लहानपणी आमच्या माळ्यावरून काढून त्यांची घरं बांधत खेळला आहेस. एक कॅसेट म्हणजे एक तास, आणि तो तास कॉम्प्युटरवर उतरवला की भरायचा साधारण १३ जीबी. आता तुझा कॅमेरा बघ. फोर-के वर सेकंदाला ३० मेगाबिटच्या आसपास लिहितो. त्याला आठाने भागलं की पावणेचार मेगाबाइट, तासाचे साडेतेरा जीबी. म्हणजे हिशेब तोच, तासाला एक कॅसेट. तुझं ६४ जीबीचं कार्ड म्हणजे जेमतेम पाच कॅसेटी. तू टॅक्सी चालवतोस रोज बारा तास. त्याच पाच कॅसेटी रोज अडीच वेळा पुसून पुन्हा भरल्यास, आणि हे आठ महिने चाललं. लालबागचा राजा चौपाटीला पोचेपर्यंत वीस-बावीस तास चालायचं, तेव्हा मी तेवढ्या नव्या कोऱ्या कॅसेटी पिशवीत घेऊन निघायचो. एकीवर सहाशे वेळा शूटिंग करायची हिंमत मी केली नसती.

कार्डाच्या आत फीत नसते, बारीक कप्पे असतात आणि त्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. प्रत्येक वेळी पुसताना कप्प्याची भिंत थोडी झिजते. पूर्वी एका कप्प्यात एक बिट ठेवायचे, आता स्वस्त करायला तीन ठेवतात, काही ठिकाणी चार. आमच्या चाळीतल्या खोल्यांसारखंच. दहा बाय बाराच्या खोलीत चार बिऱ्हाडं घातली की भिंती लवकर पडतात. मोबाइलमध्ये फोटो ठेवायला हे चालतं, कारण फोटो एकदा लिहिला की तो वर्षानुवर्षं तिथेच पडून असतो. डॅशकॅमचं काम उलटं. त्याला साठवायचं नसतंच, सतत विसरायचं असतं. कार्ड घेताना लोक "किती जीबी" विचारतात. तू आधी "किती तास" विचार.

हे तास खरंच लिहिलेले असतात. 'हाय एन्ड्युरन्स' नावाची कार्डं खास याच कामासाठी येतात. सॅनडिस्कच्या त्या मालिकेत ६४ जीबीला ५,००० तास, १२८ ला १०,००० आणि २५६ ला २०,००० तास असा कंपनीचा आकडा आहे, तोही सेकंदाला २६ मेगाबिटच्या फुल एचडीवर. तुझं चित्र थोडं जड आहे, म्हणून तास थोडे कमी धर. तरी बारा तासांच्या हिशेबाने १२८ चं कार्ड दोन वर्षं निघेल. यातली गंमत लक्षात आली का? जागा दुप्पट झाली की आयुष्यही दुप्पट होतं, कारण तीच झीज दुप्पट कप्प्यांत वाटली जाते. त्यामुळे मोठं कार्ड घेण्याचं खरं कारण जास्त जुनं चित्र सापडावं हे नाही. सॅमसंगचं 'प्रो एन्ड्युरन्स' आणि सॅनडिस्कचंच 'मॅक्स एन्ड्युरन्स' याहून पुष्कळ जास्त तासांचा दावा करतात. मी त्या तासांच्या आकड्यावर अर्धा विश्वास ठेवतो, पण पाकिटावर तो आकडा छापण्याची हिंमत ज्याने केली आहे त्याच्यावर, न छापणाऱ्यापेक्षा जास्त ठेवतो. साध्या कार्डांपैकी पुष्कळांच्या वॉरंटीत सतत चित्रीकरण बसतच नाही, ते बारीक अक्षरात असतं.

वेगाचं वेड घेऊ नकोस. पाकिटावर १५०-१७० असे ठळक आकडे असतात ते वाचनाचे. तुला लागतं लेखन, आणि तेही सेकंदाला चार मेगाबाइटच. व्ही३० किंवा यू३ असं चिन्ह असलं की किमान तीसची हमी आली, मागचा कॅमेरा जोडलास तरी पुरून उरेल. ए२ वगैरे मोबाइलच्या अ‍ॅपसाठी असतं, त्याचे जादा पैसे देऊ नकोस. पण कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात कमाल किती जीबी चालतं ते मात्र बघ. काही कॅमेरे १२८ च्या वर घेतच नाहीत, आणि दुकानदार "चालतंय हो" म्हणतो.

दुकानाचं निघालंच आहे तर. लॅमिंग्टन रोडला जाशीलच, माझ्या घरापासून पायी आहे. त्या रस्त्याचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालं, पण वायर आणि कार्ड घेणाऱ्याच्या तोंडी अजून तो लाटसाहेबच आहे. तिथे बिल देणाऱ्या दुकानात जा. फुटपाथवर पाचशे बारा जीबीचं कार्ड वडापावच्या भावात मिळतं, आणि मोबाइलला लावल्यावर ५१२ दाखवतंही. आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा बत्तीस असते, पुढचं सगळं लिहिल्यासारखं करून हवेत सोडून देतं. म्हणून नवं कार्ड घरी आणलं की एकदा पूर्ण भरून, परत वाचून तपासायचं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते हेच करतं. रात्री लावून झोप. आणि १२८ चं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस, कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने, एवढाच तो फरक आहे.

तू एसएसडीचं विचारलंस. वांद्रे-कुर्ला संकुलात जुलैमध्ये टेस्लाचं दालन उघडलं तेव्हापासून तुझ्या डोक्यात ते बसलंय हे मला माहीत आहे. त्या गाडीचे कॅमेरे यूएसबीला लावलेल्या ड्राइव्हवर लिहितात, ड्राइव्ह ग्लोव्ह बॉक्समध्ये कुलपाआड राहतो, छान आहे. पण तुझ्या कॅमेऱ्याला तसा मार्ग नाही, आणि वायर ओढून काचेवर लोंबकळणारी डबी सकाळी एकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला खुणावेल. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क तर नावही काढू नकोस, लालबाग ते परळ एवढ्याच खड्ड्यांत तिचं काम तमाम. पेन ड्राइव्ह तासाभरात तापतात. तुझ्यासाठी मायक्रोएसडीच बरं.

उन्हाचं म्हणशील तर चांगलं कार्ड ८५ अंशांपर्यंत चालतं. त्याआधी कॅमेऱ्यातली लिथियमची बॅटरी फुगते. पुढच्या वेळी कॅमेरा घेताना कपॅसिटरवाला घे. धडकेत वीज तुटली तरी चालू फाइल नीट बंद करण्याइतका दम त्यात असतो.

आता खड्डे. कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा सेन्सर असतो. धक्का बसला की तो ते चित्र कुलूपबंद करतो, पुसू देत नाही. हे बनवणाऱ्याने आपला रस्ता पाहिलेला नाही. आपल्याकडे प्रत्येक स्पीडब्रेकर म्हणजे अपघात. एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून तू ज्या गल्ल्यांतून वळसे घेतोस, तिथे दिवसाला पन्नास कुलपं लागत असतील. मग कार्ड कुलपांनीच भरतं आणि नव्याला जागा उरत नाही. सेन्सर सगळ्यात खालच्या पायरीवर ठेव. महिन्यातून एकदा कार्ड फॉरमॅट कर, कॅमेऱ्यातच कर. आणि दर सोमवारी, गाडी काढायच्या आधी, कालचं एक मिनिट मोबाइलवर लावून बघ. लाल दिव्यावर जाऊ नकोस, तो फक्त वीज आहे एवढंच सांगतो.

आता मुख्य गोष्ट. १९९४ साली मी एका कुटुंबाचं लग्न व्हीएचएसवर घेतलं होतं, आपल्याच गिरगावात. व्हीएचएसच्या कडेला प्लॅस्टिकची एक टॅब असायची, शूटिंग झालं की ती तोडायची, मग त्या कॅसेटवर पुन्हा लिहिता येत नसे. दोन सेकंदांचं काम. त्या रात्री मी थकलो होतो, ती तोडली नाही. पुढच्या आठवड्यात घाईत तीच कॅसेट एका सत्यनारायणाला लावली. कन्यादानावर आरती चढली. त्या मुलीचे वडील माझ्या दारात आले, काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. पैसे परत दिले मी, पण त्याला काय अर्थ.

मायक्रोएसडीला टॅब नसते. मोठ्या एसडी कार्डाला कडेला सरकती कळ असते, या नखाएवढ्या तुकड्याला तेवढीही नाही. म्हणून अपघात झाला की गाडी कडेला घे, कोणाला लागलं आहे का बघ, आणि मग कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढ. तीच तुझी टॅब. फिरत राहिलास तर नऊ-दहा तासांत ते चित्र नव्या चित्राखाली गाडलं जाईल. त्यासाठीच मी तुला एक नाही, दोन कार्डं घ्यायला सांगतो आहे. एक कॅमेऱ्यात, दुसरं डबीत घालून लायसन्सशेजारी. पहिलं काढलं की दुसरं लावून गाडी चालू.

काढलेलं कार्ड जपायचं, त्यालाही कारण आहे. जालन्याचा खटला तुला आठवणार नाही. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, आणि त्यांचा अर्ज वेळेनंतर घेतला गेला अशी तक्रार कैलास गोरंट्याल यांनी केली. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत कॅमेरे चालू होते. भांडण पुढे त्या चित्रफितीवरच अडलं: सीडीवर काढलेली नक्कल पुरावा धरायची का? सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की नक्कल द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच; मूळ उपकरणच मालकाने कोर्टात आणून सिद्ध केलं तर त्याची गरज नाही. या खटल्यात प्रमाणपत्र मागून मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, म्हणून मागणाऱ्याला त्याचा फटका बसू दिला नाही, ते वेगळं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅशही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. मी वकील नाही, पण एवढं कळतं की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप दाबून लहान केलेली असते, तिचा ठसा मूळ फाइलशी जुळणार नाही. मित्रांना खुशाल पाठव, पण मूळ कार्ड पाकिटात घाल, वर तारीख, वेळ, ठिकाण लिही, आणि कोणी "बघून देतो" म्हणालं तरी बिनपोचपावतीचं देऊ नकोस. पोलिसांनी मागितलं तर पंचनाम्यात त्याची नोंद आहे ना, ते वाचून मग दे.

आणखी एक, गाडीच्या आतला माइक बंद ठेव. मागे बसलेल्या माणसांच्या घरगुती गोष्टी तुझ्या कार्डावर कशाला?

भाओजींना हे सगळं थेर वाटणार. त्यांच्या पद्मिनी टॅक्सीच्या काळात धडक झाली की साक्षीदार म्हणजे कोपऱ्यावरचा पानवाला, आणि तो ओळखीचा असायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनीची मुदत संपली त्या दिवशी ते अख्खी दुपार खिडकीत बसून होते, ताईने सांगितलं होतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस.

पुढच्या रविवारी सकाळी इकडे ये, आपण दोघं जाऊन कार्डं घेऊ. ते मेलेलं कार्डही आण, टाकून देऊ नकोस. अशी कार्डं शेवटी लिहू देत नाहीत पण पुष्कळदा वाचू देतात, आपली टॅब आपणच तोडून बसतात. ताई म्हणत होती की त्या गोकुळाष्टमीच्या चित्रात गल्लीत गर्दीमुळे तुला गाडी जपून पुढे घ्यायची होती, आणि भाओजी समोर उभे राहून तुला हात करत होते, "ये, ये, अजून ये". ते एरवी कॅमेऱ्यासमोर उभे राहत नाहीत. मी त्याची नक्कल काढून देतो.

तुझा,
मामा