गाभण म्हशीची लाल लघवी आणि स्फुरदाची उणीव

दुधाळ म्हशीसाठी कर्ज घेणारा पशुपालक जनावराची कास, वेत आणि दूध बारकाईने पाहतो. पुढे तिच्या चाऱ्यातून हाडांना व रक्ताला काय मिळते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्या दुर्लक्षाची किंमत गाभणकाळाच्या अखेरीस किंवा विल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मोजावी लागते. म्हशीची लघवी एकाएकी लाल, पुढे कॉफीसारखी काळपट होते, दूध आटते, शेण घट्ट होते आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू पांढुरकी पडते. घरची मंडळी ‘उष्णता झाली’ असे समजून थंडाई पाजत बसतात. वास्तविक हा रक्ताचा विकार असून त्याचे मूळ स्फुरदाच्या, म्हणजेच फॉस्फरसच्या, उणिवेत असते.

तांबड्या पेशीला लागणारी ऊर्जा केवळ ग्लुकोजच्या विघटनातून मिळते आणि त्या क्रियेला स्फुरद अनिवार्य आहे. रक्तातील स्फुरद घटले की पेशीचे आवरण आपली लवचिकता गमावते व पेशी रक्तवाहिनीतच फुटते. बाहेर पडलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडावाटे निघून जाते. म्हणून ही लघवी काचेच्या बाटलीत काही तास ठेवली तरी तिचा रंग सर्वत्र सारखाच राहतो. मूत्रमार्गातून रक्तस्राव होत असेल, तर तांबड्या पेशी तळाशी बसतात. निरोगी म्हशीच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारणतः ४ ते ७ मिलिग्रॅम स्फुरद असते. या विकारात ते बहुधा २ च्याही खाली उतरते.

तिसऱ्या ते सहाव्या वेतातील, भरपूर दूध देणाऱ्या म्हशींना हा धोका अधिक. पोटातील वासराचा सांगाडा अखेरच्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने घडतो, आणि पुढे प्रत्येक लिटर दुधाबरोबर सुमारे १ ग्रॅम स्फुरद शरीराबाहेर जाते. उलट कडबा, गव्हाचे भुसकट, उसाचे वाढे यांत ते अत्यल्प असते. पंजाब-हरियाणाकडील बरसीम हा उत्तम हिरवा चारा खरा. परंतु त्यात कॅल्शियम विपुल आणि स्फुरद त्या मानाने थोडे. केवळ बरसीम व भुसकटावर ठेवलेली धष्टपुष्ट मुऱ्हा म्हैसदेखील आतून रिकामी होत असते. जनावर हाडे, चामडे, चिंध्या चघळू लागले, तर ती पूर्वसूचना समजावी.

गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया रोगातही लघवी लाल होते. मात्र त्यात सहसा ताप फार चढतो. लेप्टोस्पायरा जंतूंचाही संशय घ्यावा लागतो. म्हणून निदान रक्ततपासणीनेच व्हावे, आणि तेही त्याच दिवशी. उपचाराविना जनावर थोड्या दिवसांत दगावते. पशुवैद्यक सोडियम ॲसिड फॉस्फेटचे द्रावण शिरेतून देतात आणि रक्त फारच घटले असल्यास दुसऱ्या निरोगी जनावराचे रक्त चढवतात. दुकानातून आणलेली कॅल्शियमची बाटली येथे उपयोगी नाही. ही समजूत फार रूढ आहे आणि तितकीच घातक.

प्रतिबंध तुलनेने स्वस्त आहे. गव्हाचा वा भाताचा कोंडा आणि सरकी-शेंगदाण्याची पेंड स्फुरदाने समृद्ध असतात. कोंड्यातील स्फुरद कोंबडीला फारसे लाभत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव मात्र ते मोकळे करतात. गाभणकाळाच्या शेवटच्या दोन महिन्यांत दूध नाही म्हणून खुराक तोडण्याची प्रथा सोडावी आणि दर्जेदार खनिज मिश्रण किंवा डायकॅल्शियम फॉस्फेट पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रोज द्यावे. २०१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासाठीही खुली झाली आहे. खाद्य व औषधोपचाराचा खर्च त्यातून भागवता येतो. गोठ्यात एका म्हशीला हा विकार झाला, तर त्याच चाऱ्यावरील अन्य गाभण म्हशींचेही रक्त लगेच तपासून घ्यावे.